चढणीला गाडीचा पंखा का घोंगावतो?

नवी डिझेल पिकअप घेतली की पहिले दोन-तीन महिने कसलीच तक्रार नसते. बाजारहाट होतो, खताची पोती येतात, रविवारी मिस्सेला घरची सारी मंडळी बसून येतात. मग एके दिवशी मागे मळणी यंत्र किंवा पाण्याची टाकी जोडून, नाहीतर गोव्याहून चिरे भरून, गाडी चोर्ल्याच्या नाहीतर अनमोडच्या घाटाला लागते. आणि अर्ध्या चढणीवर बॉनेटखालून एकाएकी घोंगावणे सुरू होते. आवाज लहानसहान नसतो. विमान उडण्याआधी धावपट्टीवर जसे गर्जते तसा, किंवा मृगाच्या आधीच्या वावटळीसारखा. गाडीही थोडी जड वाटू लागते. चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. गिअरबॉक्स गेला, टर्बो फुटला, इंजिन बसले, असे नाही नाही ते मनात येते. दोन-चार मिनिटांनी आवाज आपोआप बंद होतो, आणि मग तर माणूस अधिकच घाबरतो.

दहांतल्या नऊ वेळा हा आवाज बिघाडाचा नसतो. इंजिन थंड करणारा पंखा आपले काम करू लागल्याचा तो आवाज असतो. परंतु उरलेल्या एका वेळी तो खरोखरीच काही सांगत असतो, आणि ते ओळखता आले नाही तर पन्नास हजारांचा फटका बसू शकतो, किंवा उकळत्या पाण्याने हात-तोंड भाजू शकते. म्हणून या महिन्यात आम्ही हा विषय जरा सविस्तर घेतला आहे.

ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना हा आवाज जास्त खटकतो, आणि त्याला कारण आहे. बहुतेक ट्रॅक्टरांचा पंखा पट्ट्याने थेट इंजिनाला बांधलेला असतो. इंजिन फिरले की पंखा फिरला; रेस वाढवली की पंख्याचा आवाज वाढला. तो इंजिनाच्या आवाजात इतका मिसळलेला असतो की पंख्याचा म्हणून वेगळा आवाज कानाला कधी कळतच नाही. जुन्या ट्रकांचेही असेच होते. १९५४ पासून जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझच्या धर्तीचे ट्रक तयार होऊ लागले; ते चालवलेल्या जुन्या ड्रायव्हरांना पंखा केव्हा लागला आणि केव्हा सुटला हा प्रश्नच ठाऊक नव्हता. पंखा सदा लागलेलाच असे.

हल्लीच्या पुष्कळ डिझेल पिकअप आणि ट्रकांत मात्र पंखा आणि इंजिन यांच्यामध्ये एक क्लच बसवलेला असतो. आपले मिस्त्री त्याला फॅन क्लच म्हणतात, कोणी नुसतेच विस्कस म्हणतात. गरज नसेल तेव्हा हा क्लच पंख्याला हळू फिरू देतो आणि गरज लागली की पकडतो. ती पकड बसली की घोंगावणे सुरू होते.

पंखा सदा चालू ठेवला तर काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते डिझेलच्या खर्चात. पंख्याचा हिशेब मोठा विचित्र आहे. वेग दुप्पट केला तर वारा दुप्पट मिळतो, पण ताकद मात्र आठपट लागते. मोठ्या ट्रकचा पंखा पूर्ण वेगाने फिरताना तीस-चाळीस अश्वशक्ती खाऊन टाकू शकतो. म्हणजे एका मध्यम ट्रॅक्टरची सगळी ताकद नुसता वारा घालण्यात गेली. आणि सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला पंख्याची फारशी गरज नसते, समोरचा वाराच रेडिएटरला पुरतो. तेव्हा जी गोष्ट थोडाच वेळ लागते ती सदा चालू ठेवून डिझेल का जाळावे, या विचारातून हा क्लच आला. पंखा लागल्यावर चढणीवर गाडी थोडी जड वाटते, तीही याच कारणाने. थोडी अश्वशक्ती पंख्याने घेतलेली असते.

आता ओझे ओढतानाच हे का होते, ते पाहू. एक लिटर डिझेल जाळले की सुमारे १० युनिट विजेइतकी ऊर्जा निघते. इंजिन तिच्यातला ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाकांना देते, साधारण तेवढाच भाग सायलेन्सरवाटे धुरातून जातो, आणि बाकीचा बराच भाग इंजिनाच्या पाण्यात, तेलात व आसपासच्या हवेत उतरतो. पाण्याच्या वाट्याला चौथा हिस्सा येतो असे धरा. रिकामी पिकअप सपाटीवर साठच्या वेगाने तासाला चारेक लिटर डिझेल जाळते. म्हणजे पाण्यात तासाला १० युनिट उष्णता, अंघोळीचे दोन किलोवॅटचे पाच गीझर एकदम चालू ठेवावे तितकी. तीच गाडी भरून, मागे ओझे जोडून घाट चढताना तासाला आठ-नऊ लिटरच्या दराने डिझेल जाळते. गीझर झाले दहा-अकरा. आणि वेग? विशी-पंचविशीत. म्हणजे उष्णता दुपटीवर गेली आणि समोरचा वारा एक तृतीयांश राहिला. त्यात एप्रिल-मे महिना असेल, दुपारची वेळ असेल, एसी चालू असेल, तर पंख्यावाचून पाणी उकळायला वेळ लागणार नाही.

एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. बेळगावहून गोव्याला भाजी जाते ती घाट उतरून. गाडी भरलेली असते, पण उतारावर इंजिनाला जोर लावावा लागत नाही, म्हणून पंखा शांत. परत येताना घाट चढायचा असतो, पण तेव्हा बहुधा गाडी रिकामी. त्यामुळे वर्षभर भाजीची ने-आण करणाऱ्यालाही हा आवाज ऐकायला मिळाला नसेल, असे होऊ शकते. मग एखादे दिवशी परतीचे भाडे म्हणून नारळ किंवा चिरे मिळाले की पहिल्यांदाच तो भेटतो. वर्षभर कधी नव्हता तो आवाज आज कोठून आला, याचे उत्तर गाडीत नसून तिच्या ओझ्यात असते.

आतली रचना

रेडिएटरच्या मागे, पंख्याच्या मध्यभागी, पुऱ्यांच्या डब्याएवढा ॲल्युमिनियमचा एक गोल डबा दिसतो. बाहेरून त्याला उभ्या पट्ट्या असतात. डब्याच्या आत दोन खण. एका खणात सिलिकॉनचे दाट तेल साठलेले असते. दुसऱ्या खणात इंजिनाबरोबर फिरणारी तबकडी असते, आणि तिच्यावर व डब्याच्या आतल्या बाजूवर एकमेकांत अडकल्यासारखी गोल-गोल खाचरे पाडलेली असतात. पण ती एकमेकांना टेकत नाहीत. मध्ये बारीक फट असते.

दुसरा खण जवळजवळ रिकामा असतो तेव्हा तबकडी आत गरगर फिरते आणि डबा, म्हणजेच पंखा, आळसावल्यासारखा मागून फिरतो. तेल त्या फटीत आले की तबकडी डब्याला ओढू लागते. काकवीत उलथणे फिरवून पाहावे, कढईसुद्धा बरोबर फिरू पाहते, तसेच हे. लोखंडाला लोखंड कोठेही घासत नाही, तेलाची चिकटच काम करते. पकड पूर्ण बसली तरी पंखा इंजिनाच्या बाजूपेक्षा थोडा मागेच राहतो.

तेलाची वाट उघडायची केव्हा, हे ठरवते डब्याच्या तोंडावरची एक छोटी पट्टी किंवा वेटोळे. दोन वेगळ्या धातूंचे पत्रे एकमेकांना जोडून ती बनवलेली असते. उष्णतेने एक धातू अधिक फुगतो, दुसरा कमी. म्हणून पट्टी वळते, आणि तिच्याबरोबर आतली झडप फिरते. रेडिएटरमधून येणारा वारा साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सियस झाला की झडप उघडते; नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो. वारा निवला की झडप मिटते, तेल पहिल्या खणात परत जाते आणि घोंगावणे थांबते. उघडण्याचे आणि मिटण्याचे अंश मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, नाहीतर पंखा दर अर्ध्या मिनिटाला लागत-सुटत राहिला असता.

या पट्टीला पाण्याचे तापमान कळत नाही, फक्त वाऱ्याचे कळते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आणि डॅशबोर्डावरचा काटा तर पुष्कळ गाड्यांत मुद्दाम मध्यावर स्थिर राहील असाच बसवलेला असतो. पाणी दहा-बारा अंशांनी वर-खाली झाले तरी तो हलत नाही. म्हणून काटा मध्यावर आणि पंखा मात्र गर्जतो आहे, यात विसंगत काही नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे नियम लागू झाले. त्यानंतरच्या काही गाड्यांत ही पट्टी नसते. गाडीचा संगणक विजेच्या झडपेने तेल सोडतो. तो पाण्याबरोबर टर्बोतून येणाऱ्या हवेचे तापमान आणि एसीचा दाबही पाहतो. त्यामुळे अशा गाडीत पंखा आपल्याला कारण न दिसता लागला असे वाटू शकते. काही मोठ्या ट्रकांत इंजिन-ब्रेक लावला की पंखाही मुद्दाम लावतात, उतारावर तेवढाच अधिक अटकाव मिळावा म्हणून.

अमेरिकेत पिकअपच्या मागे घोड्यांची किंवा राहण्याची मोठी ट्रेलर जोडण्याची चाल आहे. तेथेही नव्या मालकांना हा आवाज असाच घाबरवतो. तेथे गाडी किती ओझे ओढू शकते हे ठरवण्याचे जे मानक आहे, त्यातली एक कसोटी ॲरिझोना राज्यातल्या डेव्हिस डॅम नावाच्या चढणीवरून घेतलेली आहे. सुमारे अठरा किलोमीटरची चढण, बाहेर ३८ अंशांचे ऊन, एसी पूर्ण चालू, मागे पूर्ण ओझे. गाडी तापून थांबली तर ती नापास. अशा चढणीवर पंखा मोठ्याने गर्जणार हे कारखानदारांनी धरलेलेच असते. आपल्याकडच्या पुष्कळ पिकअप मागे ओझे ओढण्यासाठी बनवलेल्याच नसतात, एवढा फरक. ओढण्याची मुभा आहे का आणि किती, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहूनच मागे काही जोडावे.

आवाज कोणाचा, हे कसे ओळखावे

पंख्याचा आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतो-उतरतो, गाडीच्या वेगाबरोबर नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी आली की क्षणभर क्लच दाबून पाहावे. इंजिनाच्या फेऱ्या उतरल्या आणि आवाजही उतरला तर तो पंख्याकडचा. गाडी धावते आहे तोवर आवाजही तसाच राहिला तर चाकाचे बेअरिंग, टायर किंवा मागचा डिफरन्शियल तपासावा. हा प्रयोग चढणीवर किंवा उतारावर मुळीच करू नये.

पुष्कळांना वाटते की क्लच प्लेट सरकते आहे, कारण आवाज वाढला आणि ओढ कमी झाली. फरक सोपा आहे. प्लेट सरकत असेल तर फेऱ्यांचा काटा वर जातो, गाडी तेवढी पळत नाही आणि जळकट वास येतो. पंखा लागला असेल तर फेऱ्यांचा काटा होता तेथेच राहतो, फक्त आवाज वाढतो.

सकाळी गाडी चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटे हाच आवाज आला तर तोही साधाच. रात्रभर गाडी उभी राहिली की आतले तेल उतरून फटीत जमते. इंजिन फिरू लागले की ते परत आपल्या खणात जाते. तसेच घाट चढून दहा मिनिटे चहाला थांबले आणि गाडी पुन्हा चालू केली की पंखा लगेच गर्जतो. बंद इंजिनाची साठलेली उष्णता पुढे आलेली असते.

काळजी करावी ती पुढील आवाजांची. किंचाळल्यासारखा आवाज पट्टा घसरल्याचा. खरखर किंवा खडखड, पाती कशाला तरी लागत असल्याची. गुरगुरणे, आणि वॉटर पंपाच्या बाजूने पाण्याचा ओघळ, ही पंपाच्या बेअरिंगची खूण. इंजिन थंड असताना, सपाटीवर, पहाटेच्या गारव्यातसुद्धा घोंगावणे थांबतच नसेल तर क्लच आतून जाम झाला आहे. गाडी चालेल, पण डिझेल खात राहील.

आमच्या मते सर्वांत वाईट लक्षण आवाजाचे नाही, शांततेचे आहे. ओझे आहे, चढण आहे, काटा लाल रेघेकडे चालला आहे आणि पंखा मात्र गप्प आहे, असे झाले तर क्लच गेला. बॉनेट उघडून पाहिल्यावर पंखा हळूहळू फिरताना दिसतो, म्हणून माणूस फसतो. नुसते फिरणे म्हणजे वारा देणे नव्हे.

तपासणी घरीच होते. इंजिन पूर्ण थंड हवे, किल्ली काढून खिशात हवी. मग पंखा हाताने फिरवावा. दाट तेलातून फिरतो आहे असा थोडा विरोध लागला तर ठीक. ढकलल्यावर मोकळा चार-पाच फेरे फिरत राहिला तर तेल गेले. मुळीच हलला नाही तर जाम. डब्याभोवती काळसर, धूळ चिकटलेले तेलकट ओघळ दिसले तर तेल गळते आहे. तोंडावरच्या पट्टीवर चिखल आणि कचरा बसला असेल तर मऊ ब्रशने काढावा, पट्टी वाकवू नये. जुन्या बाजारातून सुटा क्लच घेतला तर तो घरी आडवा टाकून ठेवू नये, गाडीत असतो तसा उभाच ठेवावा. नाहीतर बसवण्याआधीच तेल गळते.

कचरा, पाणी आणि मिस्त्रींचे उपाय

गेल्या वर्षी याच ओझ्याला, याच घाटात पंखा वरच्या वळणांवर लागत होता, आणि यंदा पायथ्याशीच लागतो, असे झाले तर दोष पंख्याचा नसतो. रेडिएटर तुंबला आहे. शेतकऱ्याच्या गाडीला हे फार होते. ऊसतोडीच्या फडात पाचटाचे बारीक तुकडे, खळ्यावर भाताचा भुसा आणि पिंजराची धूळ, माळावर गवताचे बी, हे सारे जाळीत जाऊन बसते. हल्लीच्या गाड्यांत एसीची जाळी पुढे, टर्बोची हवा थंड करणारी जाळी तिच्याजवळ आणि रेडिएटर मागे अशी रांग असते. कचरा त्यांच्या मधल्या सापटीत साचतो आणि समोरून पाहिले तर सगळे स्वच्छ दिसते. सुगी संपली की मधली जागा उघडून पाहावी. पाणी किंवा हवा मारायची ती इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, म्हणजे कचरा आला त्या वाटेने बाहेर पडेल. गाडी धुण्याच्या जोरदार पिचकारीने जवळून मारले तर जाळीची पाती मुडपतात आणि वारा कायमचा अडतो.

आतूनही तुंबते. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिले की चहाच्या भांड्याला बसतो तसा थर नळ्यांत बसतो. ओढ्याचे पाणी भरलेला डबा गाडीत ठेवण्याची जुनी सवय अडचणीच्या वेळी ठीक, पण रोजचे पाणी म्हणजे पुस्तिकेत सांगितलेले कूलंट आणि शुद्ध केलेले, बॅटरीत घालतात तसले पाणी, सांगितलेल्या प्रमाणातच.

या बाबतीत काही गॅरेजांतून जे उपाय सुचवले जातात त्यांतले बरेचसे आम्हाला पटत नाहीत. क्लच सारखा जातो म्हणून बोल्ट मारून किंवा वेल्डिंग करून पंखा थेट जोडून टाकायचा, हा त्यांतला एक. वाटेत अडकलेल्याने घरी पोचण्यापुरता तो करावा. कायमचा केला तर डिझेल वाढते आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगवर ताण येतो. शिवाय तो पंखा पूर्ण फेऱ्यांवर सतत फिरण्यासाठी बनवलेला नसतो, पाते तुटून रेडिएटरमध्ये घुसू शकते. दुसरा उपाय, थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा. त्याने इंजिन थंडच राहते, डिझेल नीट जळत नाही, आणि मूळ दुखणे झाकले जाते. तिसरा, पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कडे हात घालायला अडचण होते म्हणून काढून ठेवण्याचा. ते कडे शोभेचे नाही. ते नसेल तर पात्यांच्या टोकांवरून तीच गरम हवा पुढे-मागे फिरत राहते आणि रेडिएटरमधून वारा ओढलाच जात नाही.

घाटात गाडी कशी न्यावी

चढण सुरू होण्याआधीच गिअर उतरवावा. वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत-कण्हत ओढत असेल तर फेऱ्या कमी, म्हणून वॉटर पंपही हळू आणि पंखाही हळू, आणि डिझेल मात्र भरपूर जळते. खालच्या गिअरमध्ये आवाज जास्त, पण पाणी आणि वारा दोन्ही जोरात फिरतात. पंखा लागला म्हणून घाबरून पाय काढू नये, त्याला त्याचे काम करू द्यावे. काटा मध्यापासून वर सरकू लागला तर एसी बंद करावा. तरी सरकतच राहिला तर काचा उघडून हीटर पूर्ण चालू करावा. हीटर हा लहानसा दुसरा रेडिएटरच आहे. मे महिन्यात हे जिवावर येते खरे, पण घाटमाथा गाठून देते. पिण्याचे पाणी जवळ ठेवावे.

काटा लाल रेघेला लागलाच तर वळण टाळून, रुंद जागी गाडी बाजूला घ्यावी आणि चाकांना दगड लावावेत. पाणी गळत नसेल, वाफ येत नसेल, तर इंजिन लगेच बंद करू नये. न्यूट्रलमध्ये थोड्या चढ्या फेऱ्यांवर चालू ठेवून काटा उतरू द्यावा. वाफ येत असेल किंवा पाणी वाहत असेल, अथवा काटा उतरतच नसेल, तर मात्र ताबडतोब बंद करावे. एरवीही जड चढणीनंतर दोन-तीन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवूनच बंद करावे, टर्बोसाठी ते हितकारक आहे.

बॉनेट उघडून चालू इंजिनावर वाकताना खांद्यावरचा टॉवेल, लुंगीचा सोगा, ओढणी, गळ्यातली साखळी, मोकळे केस यांची आठवण ठेवावी. फिरते पाते दिसत नाही. ज्या गाड्यांना विजेचा पंखा असतो तो इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होऊ शकतो.

झाकण आणि भाजणे

आता सर्वांत महत्त्वाचे. तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. फडके धरूनही नाही, अर्धा आटा फिरवूनही नाही. बंद रेडिएटरमध्ये पाणी दाबाखाली असते. दाब वातावरणाच्या दुप्पट झाला की साधे पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच. तेथे उघड्या भांड्यातले पाणी शंभर अंशांच्याही थोडे आधीच उकळते. झाकण सैल झाले की दाब एकदम जातो, आणि आतले ११०-११५ अंशांचे पाणी त्याच क्षणी वाफ होऊन झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर उसळते. अर्धा-पाऊण तास थांबावे, वरची रबरी नळी हाताला गार आणि मऊ लागली पाहिजे, मगच झाकण. गरम इंजिनावर गार पाणीही ओतू नये, हेड तडकते.

एवढे करूनही कोणी भाजले तर त्याला आधी गाडीपासून दूर न्यावे. भिजलेले कपडे, अंगठी, घड्याळ, साखळी लगेच काढावी. कापड कातडीला चिकटले असेल तर ओढू नये. भाजलेल्या जागेवर साधे, वाहते, गार पाणी वीस मिनिटे धरावे. वीस मिनिटे म्हणजे घड्याळ लावून वीस. दोन तांबे ओतले म्हणजे झाले नव्हे. घाटात गाडीतले पिण्याचे पाणी, वाटेतला ओढा, जे स्वच्छ असेल ते वापरावे, आणि सुरुवातीला जमले नाही तर तीन तासांच्या आत केव्हाही केले तरी त्याचा उपयोग होतो. बर्फ लावू नये. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद, बटाट्याचा कीस, यांतले काहीच लावू नये. ते डॉक्टरांना नंतर खरवडून काढावे लागते आणि त्या यातना भाजण्याहून थोड्या नसतात. फोड फोडू नयेत. नंतर स्वच्छ ओल्या कापडाने किंवा स्वयंपाकघरातल्या पातळ प्लास्टिकने सैलसे झाकावे आणि बाकीचे अंग पांघरुणात उबदार ठेवावे. तोंड, डोळे, हात किंवा सांधा भाजला असेल, जखम रोग्याच्या स्वतःच्या तळहाताहून मोठी असेल, किंवा भाजलेले मूल असेल, तर घरी थांबू नये. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र, तिन्हीकडे रुग्णवाहिकेसाठी १०८ लावता येतो.

गळलेले कूलंट अंगणात तसेच राहू देऊ नये. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकोल असते. ते चवीला गोड, म्हणून कुत्री चाटतात आणि लहान मुलेही तोंडात घालतात, आणि थोड्या प्रमाणातही ते मूत्रपिंडे निकामी करते. जेथे सांडले तेथे माती टाकून ती उचलावी आणि जागा भरपूर पाण्याने धुवावी. उरलेले कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय फार वाईट. मुलाने घोटभर जरी घेतले असे वाटले तरी ओकारी काढण्यात वेळ न घालवता थेट मोठ्या इस्पितळात न्यावे, आणि कूलंटचा डबा लेबलासह बरोबर घ्यावा.